वळख पटल्याबिगर पाणी न्हाई

बायकोने जेवायला हाक मारली, तरी शिळीमकर तात्या आधी विचारायचे, "कोण बोलतंय?" काकू दारातच उभ्या असायच्या. "माझी सवत," म्हणायच्या आणि ताट ठेवून निघून जायच्या. तात्यांचाही इलाज नव्हता. "आवाज काय, कुनाचाबी येतो," ते मला सांगायचे. "हुकूम कुनाचा हाय, ते बगायचं."

वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या आमच्या लहानशा धरणावर तात्या वायरलेस ऑपरेटर होते. ही एकाहत्तर-बाहत्तर सालची गोष्ट. मी पाटबंधारे खात्याच्या भोरच्या कचेरीत कारकून होतो. आमचे साहेब भोरहून हुकूम सोडायचे आणि तात्या चौकीदारांकडून दरवाजे उघडून घ्यायचे. मध्ये डोंगर, म्हणून माथ्यावर रिपीटर बसवलेला. ऐकलेला आवाज उचलून पलीकडे टाकायचा, एवढंच त्याचं काम. बोलणारा कोण, ही उठाठेव तो करत नसे. खात्याच्या प्रत्येक जीपमध्ये सेट होता, आणि जीप खात्यातच असेल असा काही नियम नव्हता. एकदा कोणीतरी टवाळखोराने हुकूम सोडला, पाणी सुटलं, आणि नदीच्या वाळूतले कलिंगडाचे वाफे वाहून गेले.

तेव्हा साहेबांनी परवलीचा शब्द काढला. रोज नवा. जो तो शब्द सांगेल, त्याचाच हुकूम खरा. आता हा गुप्त शब्द तात्यांना कळवायचा कसा? तर रोज सकाळी त्याच वायरलेसवरून. खरखर फार, म्हणून साहेब ओरडून सांगायचे आणि तात्या खात्रीसाठी ओरडून परत म्हणायचे. सगळ्या जीपा ऐकायच्या, चौकीखालचा चहावाला ऐकायचा. उन्हं वर येईपर्यंत शब्द कामथडी गावच्या पारावर पोचलेला असायचा.

"सायेब, किल्ली कुलपालाच आडकवून ठिवल्यागत झालं की," तात्या एकदा म्हणाले.

"शिळीमकर, तुम्हाला सुरक्षा कळत नाही," साहेब म्हणाले.

साऱ्या पंचक्रोशीला तो शब्द पाठ असायचा. आठवत नसे तो फक्त साहेबांना. हुकूम देताना ते तात्यांनाच विचारायचे, "अरे, आज काय आहे शब्द?" तात्या सांगायचे, साहेब "बरोबर" म्हणायचे, आणि दरवाजे उघडायचे.

त्या उन्हाळ्यात धरणाखाली नदीच्या कोरड्या पात्रात जत्रा भरली होती. पाळणे, भेळेच्या गाड्या, बैलगाड्यांच्या सावलीत निजवलेली लेकरं. भोरचा सेट दुपारी बंद असे, कारण खरखरीने साहेबांची झोप मोडायची. अशा वेळी चौकीवर भारदस्त आवाज आला, "भोरहून साहेब बोलतोय. आजचा शब्द मोगरा. दोन दरवाजे उघडा."

"वळख पटली न्हाई," तात्या म्हणाले.

आवाजाने शब्द पुन्हा सांगितला, मग दम भरला. तात्या जागचे हलले नाहीत आणि दरवाजेही हलले नाहीत.

"शब्द तर बरोबर होता ना?" मी त्यांना नंतर विचारलं.

"त्येच तर. आपलं सायेब असतं तर मला इचारलं असतं."

संध्याकाळी खात्याची जीप एका पुढाऱ्याच्या घरच्या लग्नाहून परत आली, तेव्हा वायरलेसच्या माईकला हळद लागलेली होती. पुढाऱ्याच्या उसाच्या पंपाला नदीत पाणी हवं होतं. मला वाटलं, तात्यांचा आता सत्कारच होणार. पण पुढाऱ्याने उलट तक्रार केली की परवलीचा शब्द बरोबर असताना ऑपरेटरने हुकूम मोडला. जीप कोणी दिली हे सांगण्यापेक्षा साहेबांना "हुकूम माझाच होता" असं सांगणं सोपं गेलं. तात्या दोषी ठरले. त्यांची बदली डोंगरावर, रिपीटरच्या खोपटात. तिथे बिऱ्हाड नेता येत नव्हतं, म्हणजे काकूंना माहेरी जाऊन राहावं लागणार होतं. त्या साऱ्या लेकरांना वाचवणाऱ्या माणसाचं घर मोडताना बघून मला साहेबांचा मनस्वी राग आला.

बदलीचा हुकूम साहेबांनी वायरलेसवरूनच दिला. मी साहेबांच्या शेजारी बसलो होतो.

"शिळीमकर, उद्यापासून डोंगरावर."

खरखरीतून तात्यांचा आवाज आला, "आजचा शब्द, सायेब?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला शब्द ठाऊक होता. मी पंख्याकडे बघत राहिलो.

"अरे, काय आहे आज शब्द?" साहेबांनी शेवटी माईकवरच विचारलं.

"वळख पटली, सायेब," तात्या म्हणाले. "हुकूम खरा हाय."