डिस्कला लावलेलं तेल

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. लिहून ठेवावं असं काही आपल्याजवळ असतं, असंही कुणाला वाटलं नव्हतं. मलाही तशी खात्री नाही. तरी लिहायला बसलोय, त्याबद्दल वाचणाऱ्यांनी माफ करावं.

तलासरीजवळच्या आमच्या पाड्याला येणारा शेवटचा रस्ता म्हणजे नुसते दगड. माझी जुनी शंभर सीसीची गाडी त्यावर खालून घासायची. म्हणून २०१८ साली, शेवटच्या वर्षाला असताना, ती देऊन मी एक वापरलेली अ‍ॅडव्हेंचर बाईक घेतली. सीट इतकी उंच की पाय जेमतेम टेकायचे. पण दगडांवरून ती अशी चढायची, की मी काम नसतानाही वर-खाली करायचो.

तिची निगा मी मनापासून राखायचो. चेन घासायची, एअर फिल्टरमधली धूळ झटकायची, स्पोक ढिले झालेत का बघायचे. जुन्या गाडीला ड्रम ब्रेक होते. आत काय असतं ते कधी दिसलंच नव्हतं. हिच्या ब्रेकच्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या, मात्र उघड्या. एकदा संध्याकाळी गाडी धुतली आणि सकाळी डिस्कवर तांबूस गंज दिसला. गंजाला तेल लावतात, एवढंच मला ठाऊक. फडक्याने दोन्ही डिस्कना चकाकेपर्यंत तेल चोळलं.

त्याच सकाळी मामाला घोलवडला सोडायचं होतं. आईचा हा भाऊ तिथल्या एका शेठच्या वाडीत ताडावर चढून ताडी काढायचा. मागे बसताना म्हणाला, “गाडी घेतलीस का उंट? शिडी तरी ठेव.”

“तू ताडावर चढतोस ना, मामा?”

“ताड पळत नाही, भाच्या.”

पाड्याखालच्या उतारावर मी ब्रेक दाबले. तेलकट डिस्कवर ते पकडलेच नाहीत, गाडी सरळ बांधावर गेली. मला खरचटलं. मामाचं उजवं मनगट मोडलं.

डहाणूच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कसं झालं ते विचारलं. मी बोलायच्या आत मामा म्हणाला, “ताडावरून सटकलो.”

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “खरं सांगू दे ना.”

“गप. तुझी आई आधी ती गाडी विकायला लावेल, मग माझा दुसरा हात मोडेल.”

पाड्यावर, बाजारात, वाडीत त्याने सगळ्यांना तेच सांगितलं. लोक म्हणायचे, “म्हातारा झालास रे,” आणि तोही हसायचा. मी शेजारी उभा असायचो. लाज वाटायची. आपण सुटलो म्हणून बरंही वाटायचं, आणि त्या बरं वाटण्याची लाज जास्त वाटायची.

ब्रेकचे पॅड बदलले, डिस्क साफ केली, गाडी ठीक झाली. मामाचा हात पुन्हा वर चढण्याइतका होईल का, हे मात्र कुणी सांगू शकत नव्हतं. विचारलं की तो म्हणायचा, “होईल.”

ताडीचा हंगाम सुरू व्हायच्या सुमारास मामीचा फोन आला. हात बरा झाला होता, पकडही पहिल्यासारखी आली होती.

“पण शेठने झाडं दुसऱ्याला दिली,” मामी म्हणाली. “ताडावरून पडलेल्या माणसाला परत वर पाठवणार नाही, म्हणतात.”