शून्य तारखेची माणसं

आमच्या ह्यांनी जन्मनोंदणी कार्यालयातल्या मेनफ्रेम संगणकापाशी एकतीस वर्षं काढली. कपाटांच्या रांगेएवढं ते यंत्र, आणि त्याच्या खोलीत बाराही महिने गारठा. हे भर उन्हाळ्यात स्वेटर घालून निघायचे. मी म्हणायची, "निघाली स्वारी सवतीकडे." हे म्हणायचे, "स्वेटर तुझ्याच हातचा आहे गं."

मग सगळ्या नोंदी लिनक्स सर्व्हरवर न्यायचं ठरलं. सर्व्हर आला तो पुठ्ठ्याच्या खोक्यातून, जेमतेम आमच्या शिवणयंत्राएवढा.

ह्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. अनाथाश्रमाच्या पायरीवर सापडलेल्या बाळाचा जन्मदिवस कुणाला ठाऊक नसतो. साल अंदाजानं धरायचं, दिवस आणि महिन्याच्या जागी शून्य. खोटी तारीख लिहायची नाही, ही ह्यांच्या पहिल्या साहेबांची शिकवण. जुन्या यंत्राला तारीख म्हणजे नुसते आकडे, त्यानं मुकाट्यानं ठेवून घेतले. नव्या सर्व्हरला कॅलेंडरात असेल तीच तारीख चालते. सोळाशे चाळीस माणसं त्यानं उंबऱ्यावरूनच परत पाठवली.

हे नव्या साहेबांकडे गेले.

"काका, लाखांतली सोळाशे. नव्व्याण्णव टक्के पोचलंय की."

"उरलेली पण माणसंच आहेत, साहेब."

"मग सगळ्यांना एक जानेवारी टाका."

"त्यांच्या दाखल्यांवर शून्य आहे. जुळायचं नाही."

"बरं, नंतर बघू."

नंतर कसलं? शुक्रवारी यंत्र भंगारात जायचं होतं. छपाईचं यंत्र तर आधीच उचललेलं. हे पडद्यावर बघून एकेक नोंद वहीत उतरवायला लागले, अकारविल्हे. तीन दिवस डबा तसाच परत आला.

"थोडं मला द्या लिहायला," मी म्हटलं.

"पडदा काय उचलून घरी आणू?"

मी देवाला एवढंच म्हटलं, ह्यांचा हात चालू दे. जास्त मागायचं सुचलं नाही.

शुक्रवारी दुपारी भंगारवाल्याची माणसं पाने-पेचकस घेऊन आली, तेव्हा हे 'न'वर होते. पुढे साहेबांनी मेहरबानी केली. वहीतल्या नोंदी तेवढ्या ग्राह्य धरल्या, बाकीच्यांचा विषय संपला.

हे निवृत्त झाल्यावर वर्षभरानं एक मुलगी पत्ता शोधत दारात आली. परिचारिकेची नोकरी लागत होती, जन्माची खात्री हवी होती. तिच्या हातात शून्यांचा दाखला. "नोंद नाही म्हणजे दाखला खोटा, असं म्हणतात," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत असेल, असं शिपाईकाकांनी सांगितलं."

ह्यांनी नाव विचारलं. 'श'वरून होतं.

ह्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाळ, मी 'न'पर्यंतच पोचलो होतो."

तिला ते कळलं नाही. तिनं विचारलं, "मग माझं कधी येईल?"

मी पाणी आणायला म्हणून आत गेले, आणि तिथेच उभी राहिले.