ज्ञानेश्वर आणि राजू एकाच साइजमध्ये

राजूभाऊंनी माझ्या मॉनिटरवर सरळ वीत टाकली.

“पाहा मॅडम. दादाचं नाव वीतभर, मायं चार बोटं. अन् तुमी म्हणता सेम हाय!”

“सेमच आहे भाऊ. दोन्ही नावं एकाच पॉइंटमध्ये आहेत.”

पॉइंट म्हणजे अक्षराचा आकार मोजायचं माप. ‘ज्ञानेश्वर’ लांब आणि ‘राजू’ आखूड, त्याला मी काय करणार? पण ते मॉनिटरवरची वीत काढायला तयार नव्हते.

अमरावतीत फ्लेक्स आणि बोर्ड छापणाऱ्या एका प्रेसमध्ये मी काम करते. आधी नुसतं डीटीपी करायचे, म्हणजे गिऱ्हाईक सांगेल ते टाइप करायचं आणि उरलेल्या जागेत वेलबुट्टी भरायची. मग मोबाइलवर डिझाइनचा कोर्स लावला आणि होती ती अक्कलही गोंधळली. कोर्समध्ये पहिल्याच दिवशी हायरार्की शिकवली. बोर्डावर एकच गोष्ट सगळ्यात मोठी हवी, बाकीच्या तिच्या मागे उतरत्या क्रमाने. म्हणजे वाचणाऱ्याला आधी कुठे बघायचं ते कळतं. ऐकताना अगदी पटलं होतं.

पण हे दोघे सख्खे भाऊ. एकत्र मळ्यात शेवंती आणि झेंडू लावणारे. मोझरीजवळ रस्त्यावर हार-फुलांचं दुकान टाकत होते आणि बोर्डावर दोघांचीही नावं हवी होती. यात उतरता क्रम कोणाला लावू?

दुसऱ्या डिझाइनमध्ये मी दोन्ही नावं सारख्या रुंदीची केली. त्यासाठी ‘राजू’ इतका ताणावा लागला की तो पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवरून उतरल्यासारखा दिसायला लागला. आता ज्ञानेश्वरभाऊंचा चेहरा पडला.

“लहाना हाय ना तो,” एवढंच म्हणाले.

तिसऱ्यांदा मापं मधली धरली आणि रंग बदलले. लाल रंगातलं नाव पिवळ्यापेक्षा ठळक दिसतं, हे कोर्सनेच शिकवलं होतं. ते या दोघांना न शिकवताच दिसलं. लाल कोणाचा, यावर काउंटरपाशीच जुंपली.

आमचे मालक प्रदीपभाऊ आतून ओरडले, “अवं, गोल फिरवून टाक ना दोघायले!”

तेही करून पाहिलं. एक भाऊ उलटा लटकला.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरभाऊ एकटेच आले. 

“मॅडम, काई तरी करा. राजू म्हणते, मी मायी टपरी अलग टाकतो. आज टपरी अलग झाली तं उद्या मळ्यात मधातून धुरा घालन. बाबानं कधी बांध पडू देला नाही त्या वावरात.”

दोन नावं बसवता येत नाहीत म्हणून एक मळा मोडणार? मी डिझायनर की तलाठी, तेच कळेना.

ते गेल्यावर वैतागून मी दोन्ही नावं डिलीट केली. नवं काही सुचलं नव्हतं, नुसता राग काढला. बोर्डावर एकच शब्द उरला: ‘फुले’. तो ओढून मोठा केला. भोवती भरपूर मोकळी जागा सोडली, ज्याला कोर्समध्ये व्हाइट स्पेस म्हणतात. आणि पहिल्यांदाच ते चित्र धावत्या गाडीतून वाचता येईल असं वाटलं.

दोघांना बोलावून दाखवलं.

“आमी कुठी हावो याच्यात?” राजूभाऊंनी विचारलं.

“तुम्ही दुकानात. बोर्ड वाचून माणूस थांबला की समोर तुम्हीच दिसणार.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आपलं नाव नाही याचं दुःख होतं, पण दुसऱ्याचंही नाही याचं समाधान जास्त होतं. डिझाइन पास झालं. मी खुशीत बोर्डाचा फोटो कोर्सच्या ग्रुपवर टाकला.

पुढे एका रविवारी मोझरीला जाणं झालं. मुद्दाम दुकानाशी उतरले. बोर्ड पाहिला आणि तिथेच थबकले. माझ्या व्हाइट स्पेसमध्ये कोणीतरी ऑइल पेंटने ‘ज्ञानेश्वर’ लिहिलं होतं. अक्षरं चढत गेलेली, आणि शेवटी जागा संपली म्हणून ‘र’ खालच्या ओळीत उतरवलेला. ज्ञानेश्वरभाऊ आत मान खाली घालून हार ओवत होते. राजूभाऊ पुढे आले.

“हे कोणी केलं?” मी विचारलं.

“मीच. नाव नाही तं दादा जेवाले घरी येईना. काही बोलेबी ना. काहून उदास हाय ते समजत होतं मले.”

“आणि तुमचं नाव?”

त्यांनी बोर्डाकडे नीट पाहिलं, जणू पहिल्यांदाच पाहत होते.

“जागाच नाही उरली ना, मॅडम.”

मी हसले, आणि डोळे भरून आले ते लपवायला शेवंतीचा वाटा घेतला. आता बोर्डावर रिकामी जागा सोडली की गिऱ्हाईक हमखास विचारतं, ही कशासाठी? अक्षर उठून दिसावं म्हणून, हे कोर्समधलं उत्तर मला पाठ आहे. ते मी पूर्वीइतक्या जोरात देत नाही.