थंडीला न जुमानणारे भावोजी

माझ्या भावोजींइतका थंडीचा अपमान अख्ख्या पालघर तालुक्यात कोणी केला नसेल. पौषातल्या पहाटे तारापूर गोधड्यांत मुटकुळं करून पडलेलं असताना ते खांद्यावर पंचा टाकून समुद्रावर निघत. ओहोटी असली की पाणी दूर गेलेलं असे. मग गुडघाभर चिखल तुडवत ते पाणी गाठत. जाळी आवरणारा एक म्हातारा कोळी त्यांना हटकून विचारी, "आमी पोटासाठी पान्यात जातो. तुमाला कोन धाडतो, बाबू?" त्यावर भावोजी ऐकवत की दमा पळाला, भूक वाढली, शिंक म्हणून ठाऊक नाही. मग ओल्या केसांनीच सायकल हाणत बोईसर स्टेशनच्या तिकीट खिडकीत जाऊन बसत. पालघरच्या डॉक्टरांकडे निघालेला एखादा खोकणारा प्रवासी समोर आला, की त्याचं तिकीट हातात धरून ठेवून त्याला समुद्राचे गुण सांगत. गाडी फलाटाला लागली तरी तिकीट सुटत नसे.

पासष्ट सालच्या दिवाळीनंतर त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी पोहणं बंद केलं. भावोजी डॉक्टरांशी तावातावाने भांडले, पण ताईचे डोळे पाहून त्यांनी ऐकलं. मग कानटोपी, मफलर आणि ओटीवरची खुर्ची. जेवण निम्म्यावर आलं. खिडकीत ते मुकाट तिकिटं देऊ लागले, आणि ताई खरी घाबरली ती तेव्हा.

दारावर येणाऱ्या मासळीवालीकडून तिने भरतीची वेळ विचारून घेतली. दुसऱ्या पहाटे मी त्यांच्याकडेच होतो. तिने भावोजींना हलवलं. "अहो, उठा. आज पाणी पार बांधापर्यंत येतंय, चालावं लागायचं नाही. मी काठावर बसते."

मी आडवा आलो. ती म्हणाली, "डॉक्टरांचं खरंही असेल रे. पण असा नुसता जगवलेला माणूस घेऊन मी काय करू?"

त्यानंतर ते फक्त पहाटेच्या भरतीला पोहत. खिडकीपुढचे प्रवासी पुन्हा समुद्राचे गुण ऐकू लागले.

काही वर्षांनी, चैत्रातल्या एका दुपारी, ते झोपेतच गेले. तरी दहाव्याला आलेल्या नातेवाइकांनी थंड पाण्यालाच दोष दिला. ताई म्हणाली, "ऐन उन्हाळ्यात गेलेत ते," आणि पानं वाढायला उठली.

थंड पाण्याने नेमकं काय बरं होतं, मला सांगता येणार नाही. या पौषात मी पहाटे एकटाच समुद्रावर गेलो. घोट्याएवढ्या पाण्यात थोडा वेळ उभा राहिलो आणि परत फिरलो. फार गार होतं.