शिवरामअण्णांनी कागदावर लिहिलेलं जन्मगाव

आमच्या शिवरामअण्णांची साठी भरली, तर चार ओळी लिहा म्हणून वेल्ह्याहून मंडळी आली. माझी शाळा चौथीची. पण अण्णांचं नाव निघालं की मला आवरणं अवघड, हे मंडळींना ठाऊक नसावं.

पहिली ओळख टेम्पोमुळं झाली. मार्गासनीत आमच्या दारासमोर भर दुपारी टेम्पो बंद पडला. आत शर्यतीच्या जातीची गाभण घोडी. अण्णा वेल्ह्याकडच्या घोड्यांच्या फार्मचे व्यवस्थापक. उतरून म्हणाले, "आक्का, गोठा रिकामा करता का? हिला कळा लागल्यात."

म्या म्हशी बाहेर काढल्या, भाताचा पेंढा पसरला. पेंढा माझ्या माहेरचा, उत्रोलीचा, लई मऊ. पण ते राहू दे. अर्ध्या तासात घोडी व्याली. बाळंतीणच ती, म्हणून मी तिची ओटी भरली आणि पुढ्यात डिंकाचे लाडू ठेवले! अण्णा हसले नाहीत. "आक्का, लाडू मला द्या, तिला कोंडा द्या," एवढंच म्हणाले. घोडीच्या पाठीवर घातलेला ओटीचा खण मात्र त्यांनी राहू दिला.

"पण एवढी अवघडलेली घोडी प्रवासाला काढलीच कशाला?" मी विचारलं.

तेव्हा कळलं. घोडं घेणारे त्याचे आईबाप बघतातच, पण जन्म कुठला हेही विचारतात. गवत कुठलं, पाणी कुठलं, पहिल्या महिन्यांत हाडं कशी भरली? नावाजलेल्या फार्मचं शिंगरू म्हटलं की गिऱ्हाईक पुढं येतं. म्हणून फार्मच्या मालकांनी हट्टानं घोडी तिकडं आणवली. अण्णांनी नको म्हटलं होतं.

"म्हंजे लेक बाळंतपणाला माहेरी धाडतात तसंच की!"

"तसंच. फक्त हितं माहेर मालक ठरवतात."

तेवढ्यात मालकांचा फोन आला. आवाज माझ्यापर्यंत येत होता. "जन्माच्या कागदावर फार्मच लिहा. गोठ्यातलं शिंगरू कोण घेणार?"

"साहेब, जन्मलं तिथंच जन्मलं."

"मग दुसरी नोकरी बघा!"

अण्णांच्या दोन्ही लेकी तेव्हा शाळेत. त्यांनी आमच्या ओट्यावर बसून कागदावर 'मार्गासनी' लिहिलं. नोकरीचं काही ठरेना, तरी मधल्या दिवसांत माझी म्हैस आजारी पडली, तर अण्णाच गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आले.

महिन्यानं मालक स्वतः आले, सोबत एक गिऱ्हाईक. गिऱ्हाइकांना जन्माची जागा बघायची होती. गोठा बघितला, विहिरीचं पाणी प्याले. म्हणाले, "ज्यांनी गोठा लपवला नाही, त्यांनी आईबापही खरेच लिहिले असणार." शिंगरू घेतलं. मालक अण्णांना म्हणाले, "उद्या वेळेवर या कामाला."

मला तर वाटलं, माझीच लेक उजवली!

अण्णा, शंभरी गाठा, गुडघे सांभाळा, लाडू खात राहा. यंदा मालक विचारत होते, आणखी एक घोडी मार्गासनीला धाडू का? तुमी नको म्हणालात, ठीकच आहे. तरी म्या गोठ्याला चुना लावलाय आणि पेंढा पसरून ठेवलाय. टेम्पोचा काय भरवसा?