दाफिनाची सावली आणि चौकीतला बाक

दाफिना जलशास्त्र शाखेच्या दारावर चौकीदारीण म्हणून बसायला लागली, तेव्हापासून विद्यापीठाच्या त्या आवारात काही ना काही खणलेलंच असायचं. आधी फरशी बसवायची, मग खालून पाइप टाकायचे राहिले म्हणून उचलायची, पुन्हा बसवायची, आणि पाणी कुठे मुरतंय ते शोधायला पुन्हा उचलायची. शाखा पाण्याच्या शास्त्राची, अन् तिथल्याच नळाला पाणी नाही!

दाफिनाला त्याचं काही नव्हतं. तिचं मागणं एकच, चौकीत दुपारी पाठ टेकायला धड बाक हवा. जुना बाक इतका तोकडा की तिच्यासारख्या ठेंगण्या बाईचेही पाय बाहेर लोंबत. डीन स्पिरिदोनोव्ह दर वर्षी म्हणायचे, "होईल, दाफिनाबाई, होईल."

आणि राग एकाच माणसावर, दाराशी नवी चौकी बांधणाऱ्या गिरगिन मिस्त्रीवर. नुकत्याच पुसलेल्या पायऱ्यांवरून तो सिमेंटनं माखलेले बूट घालून गेला, तेव्हा तिनं ओलं फडकं त्याच्या पाठीत हाणलं होतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

एका संध्याकाळी ती दाराशी उन्हाला उभी होती. सहज खाली बघितलं तर गिरगिन उकिडवा बसून तिच्या सावलीला दोरी लावतोय! टाचेपासून डोक्यापर्यंत ताणली, गाठ मारली, खिशात घातली आणि चालता झाला.

दाफिनानं लगेच ओळखलं. भिंत टिकावी म्हणून मिस्त्री लोक माणसाची सावली मोजून ती दोरी भिंतीत चिणतात, मग भिंत उभी राहते आणि माणूस चाळीस दिवसांत आडवा होतो. तिच्या गावात हे शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं.

"तिंके, मी चालले गं," ती झाडलोट करणाऱ्या तिंकाला म्हणाली.

"कुठे? बाजारात?"

"वर!"

तिंकानं सगळं ऐकलं, छातीवर क्रूस काढला आणि दुसऱ्या श्वासाला विचारलं, "मग तुझ्या लोणच्याच्या बरण्यांचं काय करायचं?"

दाफिनानं बरण्या वाटून टाकल्या. लाल मिरच्यांची चटणीसुद्धा दिली, जी ती सख्ख्या बहिणीला चाखू देत नसे. मरणाऱ्या माणसाला भीती कसली, म्हणून डीनसाहेबांच्या खोलीत जाऊन तोंडावर सांगून आली, "तुमचं भाषण ऐकून कुंडीतली झाडं माना टाकतात. आणि तो केसांचा टोप मागून उचललेला दिसतो."

डीनसाहेबांचा हात आपसूक मागे गेला.

मात्र दिवस सरत आले तरी तिला साधी शिंक येईना. भूक तर दुप्पट झाली. "शेवटचा बानित्सा," असं म्हणत ती रोज चिजाच्या त्या पोळीचा तुकडा हाणत होती.

आणि नव्या चौकीचं उद्घाटन आलं. डीनसाहेबांनी फीत कापली. आत भिंतीला धरून विटांचा लांबलचक बाक! दाफिना आडवी झाली, तर पायांपुढे आणखी एक मांजर सहज झोपलं असतं.

"तुझ्याच मापाचा आहे," गिरगिन पहिल्यांदा बोलला.

"माझं माप कधी घेतलंस रे?"

"तू उन्हाला उभी होतीस तेव्हा. विचारायला आलो असतो तर फडकं खाल्लं असतं."

"आणि दोरी?"

गिरगिननं कान खाजवला. "चुकून राहिली की आतच. खालच्या विटांत."

तिंका मटकन खाली बसली. दाफिना मात्र उठून बसली आणि बाकाच्या टोकाकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा उजळला.

"अरे गाढवा, उतरत्या उन्हात सावलीचं माप? ही दोरी माझी नव्हेच! एवढी लांब बाई अख्ख्या शहरात नाही!"

"काय हा अडाणीपणा!" डीनसाहेब हसले. दाखवायला म्हणून तेच बाकावर आडवे झाले. उंच, काटकुळे डीनसाहेब. डोकं एका टोकाला टेकलं, टाचा दुसऱ्या टोकाला. ना बोटभर कमी, ना जास्त.

तिंकानं पुन्हा छातीवर क्रूस काढला.

"अगं बाई," दाफिना हळूच म्हणाली. "साहेब, भाषणाचं मनावर घेऊ नका हं. तशी बरी करता." आणि तिंकाकडून परत मिळवलेली एकुलती एक बरणी तिनं त्यांच्या हाती ठेवली.

डीनसाहेब शास्त्राचे माणूस. ते मोठ्यानं हसले, पण घरी जाताना सावलीसावलीनंच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गिरगिन हातोडा घेऊन हजर. आवाराच्या सुधारणेचा पुढला टप्पा, चौकीतला बाक तोडून पुन्हा बांधणे, असा डीनसाहेबांचा सहीचा हुकूम होता. दोरी निघाली ती त्यांनी स्वतः खिशात घालून नेली.

"या खेपेला टेप आणलीय," गिरगिन दारातूनच म्हणाला. "येऊ का?"

"बूट पूस आधी," दाफिना म्हणाली, आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली.