रविवारचा कार्बोरेटर

बिघडलेली गाडी दुरुस्त करणारे मेकॅनिक आमच्या नळदुर्गात हायवेच्या दोन्ही अंगांना हवे तेवढे मिळतील, पण धडधाकट गाडी दर रविवारी खोलून बसणारे आमच्या शेजारचे काका एकटेच. त्यांच्या जुन्या पांढऱ्या मोटारीचा कार्बोरेटर इंजिनाला पेट्रोल आणि हवा मापात पाजतो. तो बिचारा महिनोन्‌महिने बिनतक्रार चालला असता, पण काका चालू देतील तर ना! देवपूजा उरकली की बॉनेट उघडतात, पेट्रोलची नळी काढतात, केबली सोडवतात आणि तो ऐवज तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांत धरून ओट्यावर आणतात. तिथं वर्तमानपत्रावर स्क्रू, स्प्रिंगा, पेट्रोल सोडणारे बारीक भोकाचे पितळी जेट निघाले त्या क्रमानं मांडले जातात. एकदा एका पाहुण्यानं लग्नपत्रिका त्या ओळीवरच ठेवली. लग्न कुणाचं, हे काकांनी सगळे स्क्रू मोजून झाल्यावर विचारलं.

जेटच्या भोकात तार घालणाऱ्या माणसाला ते माणसांत धरत नाहीत. "भोक मोठं झालं की गाडी लई पेट्रोल पिती. पेट्रोलनं धुवायचं अन् फुंकायचं!" मी एकदा मदत म्हणून टाचणी पुढं केली, तर आठवडाभर त्यांनी माझा नमस्कार घेतला नाही. फुंकून झालं की जेट डोळ्याला लावून उन्हाकडं बघतात आणि आरपार उजेड दिसला तरच जोडणीला हात घालतात.

एवढं सगळं येतं, पण शेवटचा एक स्क्रू त्यांना एकट्यानं जमत नाही. इंजिन सावकाश, एका लयीत चालावं म्हणून तो कानानं जुळवावा लागतो, आणि काकांचे कान खडी फोडायच्या मशीनवर नोकरीतच गेले. म्हणून काकू उंबऱ्यात शेंगा फोडत ऐकायच्या आणि नेमक्या क्षणी हात वर करायच्या.

नातू झाला म्हणून काकू तीन महिन्यांसाठी पुण्याला गेल्या, त्याला आता तिसरं वर्ष लागलंय. मुलगा-सून दोघं नोकरीला, पोराला बघायला दुसरं कुणी नाही. काका तिकडं चार दिवस राहून परत आले. "गाडी लावाय जागा न्हाय तिथं," एवढंच म्हणाले. रोज फोन होतो, तोही ओरडून. "जेवलात का?" "जेवलो. तू?" "व्हय." संपलं. उभा जन्म एका घरात काढलेल्या माणसांना फोनवर बोलायला काही सुचू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

रविवारी मात्र मी काकूंना फोन लावून बॉनेटपाशी धरतो. काका स्क्रू फिरवतात, "इचार, आता कसंय?" म्हणून ओरडतात, आणि काकूंचा निकाल मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगतो. "धाप लागल्यावानी करतंय. अजून जरा."

परवा मी नीट कान दिला. इंजिन पहिल्याच फेऱ्यात छान लागलं होतं. तरी काकू "अजून न्हाय" म्हणत राहिल्या. काका स्क्रू थोडा डावीकडं नेत, पुन्हा होता तिथं आणत. त्यांचा दुसरा तळहात गाडीवर टेकलेला होता. इंजिनाची थरथर त्यांना हाताला कळत होती, म्हणजे सगळंच कळत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "काकू, पेट्रोल जळतंय."

"जळू दे रं," त्या म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, अजून जरा."